गल्लीभर दोर

दोरवाल्याच्या बायकोचा निम्मा संसार नवऱ्याला लांब जाताना बघण्यात गेला. भांडण वगैरे काही नव्हतं. धंदाच तसा होता. ती उंबऱ्यापाशी बसून लाकडी चाक फिरवायची. चाकाच्या आकड्याला वाखाचं, म्हणजे घायपाताच्या धाग्यांचं, टोक अडकवायचं, उरलेला वाख कमरेभोवती गुंडाळायचा आणि तो बोटांतून थोडा थोडा सोडत नवऱ्याने मागं मागं चालत जायचं. तोंड बायकोकडे, टाचा पलीकडच्या टोकाकडे, आणि दोघांच्या मधोमध पीळ घेत थरथरणारं सूत. बाकीच्या बायकांचे नवरे कामाला जाताना पाठ दाखवून जात. हिचा दिवसभर तोंड दाखवत जायचा.

गाव तिला चाकवाली म्हणायचं. माहेरचं नाव होतं, पण ते फक्त माहेरी चालायचं.

काम चालू असताना दोघं बोलत. आता म्हातारपणी तिला त्या दिवसांतलं काय आठवतं असं विचारलं, तर ती हेच सांगते, की तेव्हा बोलायला वेळ होता. पहिल्या काही पावलांत घरचं बोलणं व्हायचं, हळू आवाजात. तो मध्यावर गेला की शेजाऱ्यांचे विषय निघायचे. आणि टोकाकडे जाताजाता, ओरडावं लागायचं म्हणून, सगळ्या जगाने ऐकलं तरी बिघडणार नाही असंच बोलायचं. "आज ऊन फार आहे!" वगैरे. नवं सूत धरायला तो परत चाकापाशी आला, की बोलणं पुन्हा घरचं. अशा रीतीने एखाद्या विषयाचा निकाल लागायला आठवडाही जायचा, आणि तोवर राग विझलेला असायचा.

कुठं थांबायचं हे त्याला माहीत नसायचं, कारण त्याला पाठीला डोळे नव्हते. चाकवाली हात वर करायची. हात वर गेला की तो थांबायचा. इतक्या वर्षांत त्याने मागं वळून बघितलं नव्हतं आणि तिने हात वर करायला कधी उशीर केला नव्हता.

ज्या जागेला ते गल्ली म्हणत ती खरं तर त्यांच्याच मालकीची लांबट पट्टी होती. एका बाजूला स्वतःच्या घराची भिंत, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्याच्या गोठ्याची. दोन भिंतींमुळे दिवसभर सावली. पलीकडचं टोक बाजाराच्या रस्त्याला लागायचं, पण तिथं जळण रचलेलं असायचं, एक मोडकं खाट-कम-कोंबडीघर होतं, आणि सासूबाईंची शेळी बांधलेली असायची. कोरड्या सालात लांब दोर वळताना हे सगळं हलवावं लागायचं. पण लांब दोर मागणारं गिऱ्हाईक येऊन बरीच वर्षं झाली होती. विहिरींना पाणी वर होतं, आणि जनावराचं दावं माणसाच्या धीरासारखंच आखूड असतं.

त्या साली पाऊस पाहुण्यासारखा आला. टेकला, चहा घेतला आणि उठला. माळावरचा घायपात हिरवा उभा होता, पण त्याची पानं कुजवून वाख काढायच्या डबक्यात चिखल उरला, मग चिखलाच्या खपल्या उरल्या. माळ्यावर गेल्या सालचा वाख होता, तो पुरला असता. प्रश्न दोर घेणाराचा होता. लोक जनावरं विकत होते.

"ढोरंच नाहीत तर दावी कुणाच्या गळ्यात बांधायची?" सासूबाई म्हणाल्या. "एक माझ्या शेळीला बांध, एक तुझ्या बायकोला. संपला धंदा."

याच सुमाराला चाकवालीचा धाकटा भाऊ येऊन राहिला. त्याने कापडाचं दुकान, सायकलींचं दुकान आणि कोंबड्या असे धंदे एकापाठोपाठ एक बंद केले होते. त्यामुळे धंदा कसा करावा यावर बोलायला लागणारा अनुभव आणि मोकळा वेळ, दोन्ही त्याच्यापाशी भरपूर होतं. गाव त्याला सल्लागार म्हणू लागलं. त्याला ते नाव आवडलं.

पहिले काही दिवस तो खाटेवर बसून नुसतं बघत राहिला. मग एका सकाळी म्हणाला, "दाजी, तुमचा धंदा दिसत नाही."

"दिसत नाही म्हणजे? दिवसभर गल्लीतच तर असतो."

"तुम्ही दिसता. धंदा दिसत नाही. दोर कुठं आहेत? माळ्यावर, कणगीमागं, मावशींच्या खाटेखाली. गिऱ्हाईक येतं, बाहेरून हाक मारतं. तुम्ही म्हणता, थांबा, एवढं सूत संपवतो. ते बिचारं उन्हात उभं. थोड्या वेळाने त्यालाच वाटायला लागतं, आपण काहीतरी उसनं मागायला आलोय."

हे खरं होतं.

"पाहुणे," सासूबाई म्हणाल्या, "तुमच्या कोंबड्या दिसत होत्या का?"

"दिसत होत्या मावशी. म्हणून तर चोरीला गेल्या."

भावाचं हे एक बरं होतं. तो स्वतःच्या बुडण्याबद्दल दुसऱ्याच्या लग्नाबद्दल बोलावं तसं बोलायचा. आणि त्याचे सगळेच सल्ले वाऱ्यावर सोडण्यासारखे नव्हते. माल हाताला लागेल असा टांगा, लोकांना दोर बघायचा नसतो, ओढायचा असतो. दोर कशाला हवाय ते आधी विचारा, मग दाखवा. भाव एकदाच सांगा, आणि सांगताना जमिनीकडे बघू नका. तुटलेला दोर घेऊन कुणी आलं तर तोंड लपवू नका, तो दोर मागून घ्या आणि कुठं तुटला ते बघा. गिऱ्हाइकासमोर 'नाही' म्हणू नका. चाकवालीला यातलं पुष्कळ पटलं. तिला एवढंच वाटलं, की कोंबड्यांच्या आधी सुचलं असतं तर भावजय माहेरी गेली नसती.

सगळ्याचा शेवट अर्थात दुकानात झाला. बाजाराच्या रस्त्याला तोंड करून, गल्लीच्या टोकाला, पक्क्या विटांचं.

"आणि वळायचं कुठं?" दोरवाल्याने विचारलं.

"उरलेल्या गल्लीत. तुम्हाला जागा लागते तरी किती?"

"ही हात वर करते तिथपर्यंत."

भावाने गवंड्याला बोलावलं. गवंडी खुंटी आणि हातोडी घेऊन आला. दोघं दोरवाल्याला म्हणाले, चालून दाखवा. तो नुसता चालायला गेला तर त्याला जमेना. पाय सुलटे पडत होते, अंदाज लागत नव्हता. शेवटी त्याने कमरेला वाख गुंडाळला, टोक आकड्याला अडकवलं आणि चाकवालीला म्हणाला, "फिरव गं." तिने चाक फिरवलं. तो बोटांतून सूत सोडत मागं निघाला. गवंडी खुंटी घेऊन त्याच्या शेजारून, हा तोंड इकडं करून, तो तोंड तिकडं करून. आणि रोज जिथं जायचा तिथं चाकवालीचा हात वर गेला.

तो थांबला. गवंड्याने त्याच्या टाचेमागं खुंटी ठोकली.

तो दाव्यांचा आणि कासऱ्यांचा हात होता. पाण्याच्या सालांचा, आखूड दोरांचा हात. पण हे त्या वेळी कुणाच्याच ध्यानात आलं नाही. तिच्याही नाही, नवऱ्याच्याही नाही, आणि दिवसभर सगळ्यांच्या चुका काढत बसणाऱ्या सासूबाईंच्याही नाही. त्या शेळी कुठं बांधायची यावर भांडत होत्या.

दुकान उभं राहिलं. दोरवाल्याने विटा स्वतः वाहिल्या, माती स्वतः मळली. दोराने वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झालेल्या त्याच्या तळहातांना विटांनी महिनाभरात फोड आणले. मागची भिंत सलग ठेवली. दुकानाला एकच दार असावं, दोन दारं असली की माल आपल्या पायांनी चालायला लागतो, असं भावाचं मत होतं आणि ते अनुभवाचं होतं. आत दांड्या लावल्या, दांड्यांवर दोर टांगले. बाहेर पत्र्याची पाटी. पहिल्या दिवशी शेजारपाजारचे येऊन दोर ओढून बघून गेले. फुकट ओढायला मिळतं म्हटल्यावर दोन पोक्त माणसांनी आपापसांत रस्सीखेचही करून घेतली.

एक गंमत मात्र झाली. गल्लीचं टोक बंद झाल्याने घरातून दुकानात जायला सगळ्या वस्तीला वळसा पडू लागला. भिंतीच्या अल्याड चाक, पल्याड नवरा. चाकवाली डोक्यावर जेवणाचं गाठोडं घेऊन वळसा घालून जायची आणि दुकानाच्या पायरीवर उभी राहायची. नवरा आत गिऱ्हाइकाशी बोलत असायचा.

"थांब जरा," तो म्हणायचा. "एवढं आटपतो."

ती उन्हात उभी राहायची. थोड्या वेळाने तिलाच वाटायला लागायचं, की आपण काहीतरी उसनं मागायला आलोय.

दुकान चालू लागलं, हे खोटं म्हणता येणार नाही. दोरवाल्याला बोलता येऊ लागलं. पूर्वी तो भाव सांगताना गुन्हा कबूल केल्यासारखा सांगायचा. आता मान वर करून सांगायचा. तुटलेले दोर मागून घ्यायचा आणि संध्याकाळी घरी आणून दाखवायचा. "हे बघ, हा खुंट्यापाशी झिजलाय. तिथं पीळ जास्त द्यायला पाहिजे." ती बघायची. इतकी वर्षं दोर विकून तो कुठं तुटतो हे त्यांना माहीत नव्हतं. पण पीळ द्यायला वेळ कुठं होता? तो सकाळपासून दुकानात. दोर वळायचे ते दिवस कलताना घाईघाईने, आणि त्या घाईत बोलणं व्हायचं ते "सोड", "थांब", "ओढ" इतकंच.

दांड्या रिकाम्या दिसू लागल्या. रिकामी दांडी गिऱ्हाईक पळवते, भाऊ म्हणाला, आणि तालुक्याहून प्लास्टिकच्या दोरांची गुंडाळी घेऊन आला. निळे, पिवळे, चकचकीत. हलके. कुजत नाहीत. ते खपले, वाखाच्या दोरांपेक्षा पटापट खपले. दोरवाला ते कात्रीने कापून द्यायचा आणि टोकं काडीने जाळून बंद करायचा. दुकानाला वाखाचा वास होता, तिथं आता जळक्याचा येऊ लागला.

एका दिवशी चाकावर दिवसभर कापड टाकलेलं राहिलं. दुसऱ्या दिवशीही.

"हे माळ्यावर टाकू का?" सासूबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज नेहमीसारखा टोचरा नव्हता, आणि त्याचंच चाकवालीला जास्त लागलं. म्हातारी त्याच चाकावर बसून म्हातारी झाली होती. "वाटेत पाय लागतो त्याला."

"राहू द्या," चाकवाली म्हणाली.

संध्याकाळी तिने नवऱ्याला विचारलं, "आपण आता दोरवाले आहोत, का दोर विकणारे?"

"दोन्ही," तो म्हणाला. मग बराच वेळ तो बोटं चोळत बसला. जाळलेल्या प्लास्टिकचे काळे थेंब चिकटले होते. "पावसापर्यंत असं चालू दे. मग बघू."

तिला कळलं, की पाऊस आला तरी तो बघणार नाही. चाक एकदा माळ्यावर चढलं की उतरत नाही. वस्तीतले माग, घाणे, भाते असेच चढले होते, सगळे पावसापर्यंतच.

विहीर खोदणाऱ्यांचा मुकादम आला तो याच आठवड्यात. आडवा, धुळीने पांढरा झालेला माणूस. भुवयांवरसुद्धा धूळ. त्या साली सगळ्या भागात एकच धंदा तेजीत होता, तो याचा. ज्याला त्याला आपली विहीर आणखी खाली न्यायची होती. चाकवाली जेवण घेऊन पायरीवर उभी होती, म्हणून तिने सगळं ऐकलं.

मुकादमाने निळा दोर ओढला आणि सोडून दिला. "हा नको. ओल्या हातातनं सुटतो, कोरड्या हाताला सोलतो. वाखाचा पाहिजे. तिपेडी, अंगठ्याएवढा जाड."

"कशाला हवाय?" दोरवाल्याने शिकल्याप्रमाणे विचारलं.

"माणूस उतरवायला. एकसलग पाहिजे. सांधा चालणार नाही. सांधा कप्पीत अडकतो, आणि खालचा माणूस लोंबकळत बसतो. गेल्या महिन्यात आमचा एक असाच दुपारभर लोंबकळला. तेव्हापासून तो घरीच आहे. बायकोचं ऐकतो म्हणे आता." त्याने विहिरीची खोली सांगितली. दोरवाल्याच्या चेहऱ्यावरची माशीही हलली नाही. "आणि नव्या दोरावर आधी वळणारा उतरतो, मग माझी माणसं. आमच्यात तसंच आहे. दोर चांगला निघाला, तर यापुढच्या सगळ्या विहिरींना तुमचाच."

गिऱ्हाइकासमोर 'नाही' म्हणायचं नव्हतं.

"होईल की," दोरवाला म्हणाला.

मुकादम गेल्यावर त्याने बायकोकडे बघितलं. कित्येक दिवसांत त्याचं तोंड असं उजळलं नव्हतं. "चल," तो म्हणाला. "वाख भिजत घाल."

सकाळी चाकावरचं कापड निघालं. सासूबाईंनी न सांगता आसात तेल घातलं. दोरवाल्याने कमरेला ओलसर वाख गुंडाळला, टोक अडकवलं आणि निघाला. चाक कुरकुरलं आणि मग नेहमीच्या आवाजाला लागलं. नेहमीची जागा आली. चाकवालीने हात वर केला नाही. आज लांब जायचं होतं. तो आणखी एक पाऊल मागं गेला आणि त्याचं डोकं दुकानाच्या भिंतीवर आपटलं.

तो तसाच उभा राहिला. सूत ढिलं पडून पीळ उलटा फिरू लागला. दोघांनाही एकदमच कळलं. तीन पेड एकमेकांत वळले की पीळ लांबी खातो. विहिरीपेक्षा बरंच लांब सूत हवं, तेव्हा विहिरीएवढा दोर. जागा तेवढी होती. तिच्यात आता दुकान होतं.

"मीच हात वर केला होता," चाकवाली म्हणाली.

"मी कुठं मागं बघितलं?" तो म्हणाला.

भाऊ धावत आला. त्याने भिंत बघितली, चाक बघितलं. "दोन तुकडे करू. असा बेमालूम सांधू, की..."

"त्यावरून मीच उतरणार आहे, पाहुणे," दोरवाला म्हणाला.

"मग नको," भाऊ म्हणाला.

मग नदीचं ठरलं. नदीत पाणी नव्हतंच, जागाच जागा होती. चाक डोक्यावर घेऊन ते पात्रात उतरले. दगड लावून चाक रोवलं. दोरवाला वाळूत मागं चालू लागला. पण गल्लीत सावली होती, इथं ऊन. कमरेचा वाख बघता बघता वाळला, ताठ झाला, बोटांना टोचू लागला. कुसं बाहेर आली. टाचा वाळूत रुतायच्या आणि प्रत्येक हिसक्याला सूत तुटायचं. भाऊ तांब्यातून पाणी शिंपडत बाजूने धावत होता. पाणी शिंपडलं, की वाऱ्याने आलेली वाळू त्यावर बसायची. एवढं प्यायचं पाणी वाळूत जाताना बघून काठावर माणसं जमली.

"काय दोरवाले!" बाजारातला किराणावाला ओरडला. "माल नदीत, दुकान रस्त्यावर! पुढं काय, गिऱ्हाईक डोंगरावर?"

लोक हसले. चाकवालीही हसली असती. बोललाच होता तसं. पण तिने नवऱ्याकडे बघितलं. वाळूत घोट्यापर्यंत पाय रुतलेला, कमरेला तुटक्या सुतांच्या दाढ्या लोंबणारा, आणि इतक्या माणसांसमोर तो मागं चालायलाच विसरला होता. एक पाऊल टाकून थांबून तो मागं वळून बघत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपण पडू असं वाटत होतं.

तिने चाक थांबवलं. "घरी चला," ती म्हणाली.

गल्लीत आल्यावर तिने चाक जागेवर ठेवलं, पदर खोचला आणि सरळ भिंतीपाशी गेली. हाताने विटा चाचपल्या. "इथं पाडायची," ती म्हणाली. "दाराच्या रेषेत. माणूस जाईल एवढी."

"अगं, दुकान आहे ते!"

"दुकान कशाचं आहे?"

दोरवाल्याने मेहुण्याकडे बघितलं. सल्लागार भिंतीकडे बघत होता. त्याच्या सगळ्या धंद्यांतलं उभं राहिलेलं हे एकच दुकान होतं, आणि तेही दुसऱ्याचं. गिलावा गुळगुळीत व्हावा म्हणून त्याने गवंड्याच्या डोक्यावर बसून काम करून घेतलं होतं. तो म्हणाला, "एकच दार असावं असं मी म्हणालो होतो."

"म्हणाला होतास," चाकवाली म्हणाली.

"पहार कुठाय?"

पहिला घाव त्यानेच घातला. चांगला बसला नाही, पहार हातातून निसटून पायाशी पडली. दुसरा दोरवाल्याने घातला. विटा पक्क्या होत्या, आणि त्या त्यानेच वाहिल्या असल्याने किती पक्क्या आहेत हे त्याला माहीत होतं. सासूबाई खाटेवर बसून धुळीत खोकत सांगत राहिल्या, "चौकट सरळ ठेवा. पाडायचं तर नीट पाडा. लोक म्हणतील, यांना पाडताही येत नाही." दुपार कलायच्या आत भिंतीला भगदाड पडलं. चाकवाली चाकापाशी येऊन बसली. बसल्याजागेवरून दुकानाच्या आरपार तिला बाजाराचा रस्ता दिसला. उजेडाचा एक उभा तुकडा, आणि त्यातून जाणारी एक सायकल. पण पुढच्या दाराच्या फळ्या आणि गल्ला वाटेत येत होते. ते भावाने कुणी न सांगता काढले आणि बाजूला लावले.

दुसऱ्या दिवशी सूतकताई लागली. सावलीत वाख ओला राहिला. दोरवाला चाकापासून निघाला, गल्ली ओलांडली, मागच्या मागं दुकानात शिरला, टांगलेल्या दोरांच्या मधून गेला, पुढच्या दारातून पायरी उतरला आणि रस्त्याच्या कडेपर्यंत पोचला. तेव्हा कुठं तिचा हात वर गेला. सूत कमरेच्या उंचीवर दुकानातून आडवं ताणलेलं. गिऱ्हाइकं आली तर अर्धी सुताच्या या बाजूला, अर्धी त्या बाजूला.

"वाकून या," भाऊ सगळ्यांना सांगत होता. "बघा, तुमच्यासमोर वळतो आम्ही. हात लावून बघा. नाही, आत्ता नका लावू. पीळ चाललाय. वळून झाल्यावर लावा."

काल नदीकाठी ओरडलेला किराणावालाही आला. आधी नुसता रस्त्यावर उभा राहिला. मग वाकून आत आला. मग इतका वेळ बसला, की त्याच्या दुकानातून त्याला बोलवायला माणूस आला.

पेड वळायचा दिवस आला. तीन पेडांमध्ये खाचांचा लाकडी ठोकळा धरून दोरवाला ठोकळ्यामागून चालू लागला, या वेळी चाकाकडे, तोंड पुढं करून. त्याच्या मागं दोर होत होता. रस्त्याकडच्या टोकाला सासूबाई स्वतः बसल्या, पेड ताणून धरणाऱ्या वजनाच्या दगडावर. "दगड कमी पडतोय, मी बसते," म्हणाल्या. दोर आखडत गेला तशा त्या दगडासकट पायरीवरून वर, दुकानात, थोड्या थोड्या ओढल्या गेल्या. मान ताठ, नजर समोर. रस्त्यावरच्या लोकांनी वाट करून दिली.

दोर तयार झाला तेव्हा दोरवाला चाकापाशी पोचला होता. घामाने निथळत होता. "तू पीळ जास्त दिलास," तो हळूच म्हणाला.

"खुंट्यापाशी झिजतो म्हणाला होतात ना," ती म्हणाली.

दोर घेऊन सगळे विहिरीवर गेले. भाऊ तर गेलाच, सासूबाई गेल्या, ज्यांनी सुताखालून वाकून खरेदी केली होती तेही गेले. मुकादमाने दोर हातावर हात चालवत पूर्ण तपासला. सांधा शोधत होता. सापडला नाही. मग दोर कप्पीवरून घेतला, फळीचा झुला बांधला आणि बाजूला झाला.

दोरवाला झुल्यावर बसला. त्याने बायकोकडे बघितलं, आणि मुकादमाच्या माणसांनी दोर सोडायला सुरुवात केली. चाकवाली काठावर गुडघे टेकून वाकली. तो खाली जात राहिला, वर तोंड करून. आधी चेहरा दिसत होता, मग नुसतं कपाळ, मग काळोखात हलणारं काहीतरी. कप्पी कुरकुरत होती. तिने एक हात पुढं करून ताणलेल्या दोरावर ठेवला. तिचे नाही म्हटलं तरी सगळे दिवस त्या दोरात होते, पण तिला त्या क्षणी आपण पीळ किती दिला हेच आठवेना.

दोर मध्येच थांबला. खालून हिसका आला होता.

"काय झालं?" मुकादम विहिरीत वाकून ओरडला. "कसा आहे दोर?"

खालून आवाज आला, घुमत, मोठा, सगळ्या जगाने ऐकावा असा.

"अगं ए! दुकानात कोण आहे?"

ती गडबडली. मागं बघितलं. भाऊ इथं, सासूबाई इथं.

"कुणी नाही!" ती ओरडली. "सगळे इकडंच आलेत!"

"मग बंद तरी केलंस का?"

"कशाने बंद करू? एका बाजूला फळ्या काढून ठेवल्यात, दुसऱ्या बाजूला भिंत पाडलीत तुम्ही!"

विहिरीतून हसणं वर आलं, पुन्हा पुन्हा भिंतींवर आपटत. आधी मुकादम हसला, मग त्याची माणसं, मग कमरेवर हात ठेवून सासूबाई. भाऊ तेवढा दुकानाच्या दिशेने पळत सुटला. मुकादमाने डोळे पुसले आणि माणसांना खूण केली, सोडा. चाकवालीच्या तळहाताखाली दोर खालच्या हसण्याने हलत होता, आणि हलत हलत, कुठंही न अडकता, कप्पीवरून खाली जात होता.